मेघालयात पहिल्यांदा जाताय? आधी घड्याळ जुळवून घ्या

हल्ली आपल्याकडून मेघालयला जाणारे खूप वाढलेत आणि निघायच्या आधी जो तो तेच तीन प्रश्न विचारतो, परमिट लागतं का, व्हेज मिळतं का, आणि सेफ आहे का. तर परमिट लागत नाही, अरुणाचल, नागालँड, मिझोरामला लागतो तसला इनर लाइनचा कागद इथे नाही. व्हेज मिळतं पण शोधावं लागतं. सेफ म्हणाल तर आहे, फक्त अधूनमधून बंद वगैरे पुकारले जातात तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला एक फोन टाका. झाले तीन प्रश्न. खरी गडबड होते ती वेगळ्याच गोष्टीने, आपण आपलं टाइमटेबल बॅगेत घालून नेतो. आठला उठू, नाश्ता करू, दहाला निघू, संध्याकाळी कुठेतरी सनसेट, रविवारी मार्केट. यातलं एकही तिकडे चालत नाही. म्हणून खाली जे लिहिलंय ते ओळीने वाचा, बरंचसं वेळेबद्दलच आहे. आणि हे खासी टेकड्यांपुरतं, म्हणजे शिलाँग, सोहरा (आपलं चेरापुंजी), आणि त्याला लागून जैंतिया हिल्समधलं डावकी, एवढा भाग. पश्चिमेकडचे गारो हिल्स हा वेगळा मामला आहे, तिथली भाषाही वेगळी, त्यात मी पडत नाही.

पायरी १ : गुवाहाटीवरून वर चढणं

शिलाँगला रेल्वे नाही. अख्ख्या राज्यात एकच स्टेशन आहे, मेंदीपथार, तेही २०१४ साली सुरू झालेलं आणि तिकडे गारो हिल्समध्ये, आपल्या काही कामाचं नाही. शिलाँगचा विमानतळ उमरोईला आहे पण तिथे विमानं लहान आणि मोजकी, हवामान बिघडलं की बोंब. म्हणून बहुतेक लोक गुवाहाटीला उतरून गाडीने जातात, शहरापासून साधारण १०० किलोमीटर, एअरपोर्टपासून थोडं जास्त, रस्ता छान आहे, तीन-साडेतीन तास धरा. शेअर सुमो आणि टॅक्सी खानापाडाहून मिळतात, एअरपोर्टबाहेरही मिळतात.

गुवाहाटीहून टॅक्सी घेतलीत तर ती शिलाँगपर्यंतच ठरवा आणि पुढचं फिरणं मेघालयच्या गाडीने करा असं मी सगळ्यांना सांगतो. पर्यटनाच्या जागी आसामच्या टॅक्सी आल्या की स्थानिक ड्रायव्हर लोकांची कुरबुर होते, आणि त्या भांडणात आपण मधे कशाला. शिवाय लोकल ड्रायव्हरला कुठला धबधबा सध्या आटलाय, कुठल्या रस्त्यावर दरड आलीये हे माहीत असतं.

वाटेत नोंगपोला सगळ्या गाड्या थांबतात, चहापाणी तिथे करा. पुढे रस्त्याच्या कडेला अननसाच्या टपऱ्या लागतील, सीझन असेल तर गाडी थांबवाच, कापून मीठ-तिखट लावून देतात. शिलाँगच्या अलीकडे उमियम तलाव लागतो, लोक त्याला बडापानी पण म्हणतात. तिथे फोटोसाठी दहा मिनिटं पुरेत.

पायरी २ : घड्याळ

हे सगळ्यात महत्त्वाचं. अख्ख्या देशाला वेळ एकच पण सूर्याला ते कुठे माहितीये. मुंबई आणि शिलाँगमध्ये रेखांशाचा फरक जवळजवळ १९ अंशांचा, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने सव्वा तासाहून थोडा जास्तच. जूनमध्ये साडेचारला लख्ख उजेड, आणि डिसेंबरमध्ये संध्याकाळी साडेचारला सूर्य गायब, पाचला ठार अंधार. आपल्याकडे ज्या वेळेला लोक ऑफिसात दुसरा चहा घेत असतात त्या वेळेला तिकडच्या खेड्यात दिवस संपलेला असतो.

म्हणजे करायचं काय, तर सकाळी सहाला गाडी. हो सुट्टीवर असलात तरी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहाला निघालात तर सोहरापर्यंत जाऊन दोन धबधबे बघेस्तोवर उजेड जातो, आणि मग धुक्यात घाटातून परत. दुपारचं जेवण साडेअकरा-बाराला उरकायचं, खेड्यातल्या खानावळीत दोननंतर भांड्यात काही उरेलच याची खात्री नाही. रात्रीचं जेवण तर सातच्या आत. होमस्टेवाल्याला नऊला जेवू म्हणून सांगितलंत तर तो हसून बरं म्हणेल, पण त्याच्या घरातले सगळे त्या वेळेला झोपायच्या तयारीत असतात हे लक्षात ठेवा. फक्त शिलाँगमध्ये, पोलीस बाजार आणि लायतुमख्राच्या बाजूला, थोडं उशिरापर्यंत जाग असते, कॅफे वगैरे तिथे आहेत, गिटार वाजवणारी पोरंही तिथेच.

पायरी ३ : रविवार कुठे काढायचा ते आधी ठरवा

राज्यात जवळपास तीन चतुर्थांश लोक ख्रिश्चन आहेत आणि रविवार ते खरोखर पाळतात. १८४१ साली थॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी सोहराला आला, त्याने खासी भाषा रोमन लिपीत लिहायची पद्धत रुळवली, त्या शाळा-चर्चांचा ठसा अजून सगळीकडे आहे. रविवारी सकाळी रस्त्यावर नटूनथटून चर्चला जाणारी माणसं दिसतात, बायकांच्या अंगावर सुंदर जैनसेम, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, पोरं कडक इस्त्रीत. आणि दुकानं बंद. शेअर टॅक्स्या अगदी तुरळक. छोट्या गावात चहासुद्धा मुश्किलीने मिळतो.

त्यामुळे रविवारी प्रवासाचा किंवा खरेदीचा दिवस ठेवू नका. रिझर्व्ह केलेली गाडी असेल तर निसर्गाच्या जागा बघता येतात, पण त्यातल्याही काही गावं रविवारी पाहुणे घेत नाहीत, आदल्या दिवशी विचारून घ्या. मला विचाराल तर रविवारी शिलाँगमध्येच रहा, वॉर्ड्स लेकला चक्कर मारा, डॉन बॉस्कोचं म्युझियम उघडं आहे का बघा, नसेल तर निवांत पडा. नाताळच्या आठवड्यात तर हे सगळं गुणिले चार, ड्रायव्हर मंडळी घरी गेलेली असतात. गंमत म्हणजे तो आठवडा आपल्याकडच्या लोकांना सर्वात आवडतो बुकिंगला.

पायरी ४ : टॅक्सीत बसायचं कसं

शिलाँगमध्ये काळ्या-पिवळ्या छोट्या मारुती टॅक्स्या दिसतील, हजारोंनी असाव्यात असं वाटतं. या रिकाम्या दिसल्या म्हणून आत बसून पत्ता सांगायचा नसतो. त्या शेअर चालतात, ठरलेल्या रूटवर. कडेला उभं रहायचं, टॅक्सी हळू झाली की खिडकीतून फक्त जागेचं नाव म्हणायचं, "पोलीस बाजार?" ड्रायव्हरने मान हलवली तर बसायचं, नाही हलवली तर तो निघून जातो, त्यात अपमान वगैरे काही नाही. बाजूच्याने किती दिले ते बघून तेवढेच सुट्टे द्यायचे. सामान घेऊन एकटे बसलात आणि लांबची जागा सांगितलीत तर तो "रिझर्व्ह?" असं विचारेल, हो म्हणालात की अख्खी टॅक्सी तुमची आणि भाडं कैकपट, तेव्हा हो म्हणायच्या आधी आकडा विचारा.

लांबच्या गावांना सुमो. सोहराकडे जाणाऱ्या बडा बाजारात मावलाँग हाटहून सुटतात, आणि सुटायची वेळ म्हणजे भरली की. सकाळी लवकर पटापट भरतात, दुपारी तासभर बसून रहावं लागेल. परतीची शेवटची सुमो कधी हे उतरतानाच त्याच ड्रायव्हरला विचारायचं, बहुतेक वेळा उत्तर ऐकून धक्का बसतो कारण ती दुपारीच असते.

आणि एक गोष्ट बघून आपल्या पुणेकर जीवाला फार बरं वाटतं. रस्ते अरुंद, ट्रॅफिक भयंकर, पण गाड्या एका रांगेत. मधे घुसणं नाही, उलट्या बाजूने येणं नाही, हॉर्नचा कलकलाट नाही. अर्धा तास हलत नाही तरी लोक शांत बसून सुपारी चघळत असतात. तुम्ही स्वतः गाडी चालवणार असाल तर प्लीज तिथे कोथरूड दाखवू नका.

पायरी ५ : काँग, बाह आणि क्वाय

हिंदी शिलाँगच्या बाजारात चालते, खेड्यात कमी, तिथे मोडकंतोडकं इंग्रजी जास्त कामाला येतं. पण दोन हाका शिकून जा. बाईला "काँग", पुरुषाला "बाह". आपल्या ताई-दादासारख्याच, दुकानदार, ड्रायव्हर, होमस्टेची मालकीण, सगळ्यांना चालतात. भैया, मॅडम, ओ शुकशुक, हे सगळं सोडा. निघताना "खुब्लेई" म्हणा, नमस्कार, आभार, येतो, सगळं त्यात येतं. हे म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा जो बदलतो ना, त्यानंतर रस्ता विचारा नाहीतर भाव विचारा, उत्तर नीट मिळतं.

मग येतं क्वाय. ओली सुपारी, चुना लावलेलं विड्याचं पान, बस्स. पाहुणा आला की आधी हे पुढे होतं, चहापाणी नंतर. बस स्टँडवर, ऑफिसात, लग्नात, मयताला, सगळीकडे क्वाय. कोणी वारलं तर तो आता देवाच्या घरी क्वाय खातोय असं म्हणतात, इतकं ते आयुष्यात मुरलंय. पूर्वी अंतरसुद्धा वाटेत किती क्वाय चघळून होतील त्यावर सांगायचे म्हणतात. आपल्याला वाटतं सुपारी काय, आपल्याकडेही खातात. पण आपली वाळलेली, ही ओली आणि जोरदार. पहिल्यांदा खाल तर दोन मिनिटांत कान गरम, कपाळावर घाम, छातीत धडधड. त्यामुळे पहिल्या वेळी अगदी छोटा तुकडा घ्या, रिकाम्या पोटी नको, आणि बीपीचा त्रास असेल तर हात जोडून हसून नाही म्हणा, कोणी रागवत नाही. गाडीत घाट उतरताना तर अजिबात नको.

घरात रहायला गेलात तर अजून एक लक्षात येईल, घर बाईचं असतं. शब्दशः. मुलांना आडनाव आईचं लागतं, वडिलोपार्जित घर सर्वात धाकट्या मुलीकडे, तिला खत्दुह म्हणतात, आणि म्हाताऱ्या आईबापांना सांभाळायची जबाबदारीही तिचीच. नवरा लग्नानंतर बायकोच्या घरी रहायला येतो असं बऱ्याचदा असतं. तेव्हा होमस्टेचा भाव ठरवताना सोफ्यावर बसलेल्या पुरुषाशी घासाघीस करून उपयोग नाही, आतून काँग येईल तिच्याशी बोला. पण म्हणून सगळा कारभार बायकांच्या हातात असंही समजू नका. गावाचा दरबार परंपरेने पुरुषांचा, गावप्रमुख म्हणजे रंगबाह श्नाँग तोही पुरुषच. बायकांचं राज्य वगैरे जे आपल्या व्हॉट्सॲपवर फिरतं ते अर्धवट आहे.

पायरी ६ : जेवण

मांसाहारी असाल तर मजा आहे. रस्त्याकडेच्या छोट्या खानावळीत, बहुतेक बाईच चालवत असते, काचेच्या कपाटात पदार्थ मांडलेले असतात, बोट दाखवायचं. जादो म्हणजे मांसाबरोबर शिजवलेला भात, बहुतेक वेळा डुकराचं मांस, काही ठिकाणी त्यात रक्तही घालतात, नको असेल तर आधी विचारा. दोहनेयाँग म्हणजे काळ्या तिळाच्या दाट रश्श्यातलं पोर्क, आपल्याकडे कारळं-तिळाची चव ज्यांना आवडते त्यांना हे लगेच जमतं. दोहख्लेह हे उकडलेल्या पोर्कचं कांदा-मिरची घालून केलेलं सॅलड. तुंगताप ही सुक्या मासळीची चटणी, कोकणातल्या माणसाला वास ओळखीचा वाटेल. तुंगरिम्बाई हे आंबवलेलं सोयाबीन, वास उग्र, पण एकदा भाताशी खाऊन बघा आणि मग ठरवा.

शाकाहारींनी काय करायचं? पोलीस बाजारात शुद्ध शाकाहारी हॉटेलं आहेत, शहरात असेपर्यंत काही प्रश्न नाही. बाहेर पडलात की डाळ, भात, बटाटा, मोहरीची पालेभाजी. फक्त "व्हेज आहे का" एवढं विचारून थांबू नका, "मांस नाही, मासळी नाही, चरबीत केलेलं नाही" असं तिन्ही सुटं सुटं विचारा, कारण भाजीत दोन तुकडे चवीला घातले म्हणजे ती मांसाहारी झाली असं तिथे कोणाला वाटत नाही. सकाळी पुथारो मिळतं, तांदळाची जाडसर भाकरीसारखी, लाल कोऱ्या चहाबरोबर मस्त लागते. दुधाचा चहा हवा असेल तर वेगळा सांगावा लागतो. मेतकूट, लसणाची चटणी न्या बरोबर, पण पन्नास जणांच्या टूरचं अख्खं स्वयंपाकघर घेऊन फिरणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

पायरी ७ : बाजार

इयूदुह म्हणजे बडा बाजार सकाळी बघायचा, रविवार सोडून. उतारावर वसलेला, गल्ल्या इतक्या अरुंद की डोक्याला पट्टा अडकवून पाठीवर खोह नावाची बांबूची टोपली घेतलेला हमाल आला की भिंतीला चिकटावं लागतं. बहुतेक गाळ्यांवर बायका, अंगावर चौकड्यांची जैनकिरशाह गुंडाळलेली. फोटो काढायचा तर आधी विचारा, मटणाच्या गल्लीत तर नक्कीच.

खेड्यातला बाजार बघायचा असेल तर एक गोची आहे. आपल्याकडे कसं, मंगळवारचा बाजार तो मंगळवारीच. खासी बाजाराचा आठवडा आठ दिवसांचा. त्यामुळे या वेळी सोमवारी भरलेला बाजार पुढच्या वेळी मंगळवारी, मग बुधवारी. गूगलवर बघून जाऊ नका, ड्रायव्हरला विचारा.

दुपारी जागोजागी छोट्या टपऱ्यांवर आकडे लिहिलेले दिसतील, तो तीर. पोलो ग्राउंडवर धनुर्धारी रविवार सोडून रोज बाण मारतात, जेवढे बाण लागले त्याचे शेवटचे दोन आकडे म्हणजे निकाल, आणि त्यावर लोक पैसे लावतात. मटक्यासारखंच, फक्त हे कायद्याने मान्य आहे, १९८२ च्या कायद्यापासून. रात्री पडलेल्या स्वप्नावरून आकडा काढणारे जाणकारही आहेत. खेळायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, पण बाण मारताना बघायला जरूर जा.

पायरी ८ : जागा कोणाची, तिकीट कोणाचं

प्रत्येक धबधब्याला वेगळं तिकीट, वेगळं पार्किंग, कॅमेऱ्याचे वेगळे, आणि आपले लोक वैतागतात की सरकार लुटतंय. सरकार नाहीये ते. इथली बरीचशी जमीन कुळाची, गावाची किंवा खाजगी मालकीची आहे, धबधबाही गावाचाच, तिकीट घेणारा पोरगाही गावातलाच. तेव्हा दहा-वीस रुपयांसाठी हुज्जत नको, सुट्टे पैसे जवळ ठेवा. एटीएम शिलाँगबाहेर कमी आणि रेंज गेली की यूपीआय झोपतं.

मॉफ्लांगची देवराई शिलाँगपासून २५ किलोमीटरवर आहे. आपल्याकडे कोकणात, मावळात देवराया आहेत म्हणून नियम समजायला सोपा, आतून काहीही बाहेर न्यायचं नाही. पान नाही, काडी नाही, खिशात दगड नाही. गाइड घ्यावाच लागतो आणि घ्यावाच, जुने पूजेचे दगड तो दाखवतो, नाहीतर आपण नुसती झाडं बघून येतो.

पायरी ९ : सोहरा, पाऊस आणि पायऱ्या

पाट्यांवर चेरापुंजी कमी आणि सोहरा जास्त दिसेल, गोंधळू नका. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत इथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तो विक्रम अजून टिकून आहे. वर्षाची सरासरी जवळच्या मॉसिनरामची थोडी जास्त. पण हिवाळ्यात जाल तर धबधबे बारीक झालेले आणि गावातल्या बायका पाण्यासाठी वणवण करताना दिसतील, एवढं पडून सगळं उतारावरून खाली बांगलादेशात वाहून जातं. हिरवं गच्च बघायचं असेल तर सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, पाऊस ओसरत आलेला आणि धबधबे जिवंत. भर पावसात जायची हौस असेल तर छत्री विसरा, वाऱ्यापुढे टिकत नाही. शेतात बायका क्नुप घालून काम करतात, बांबूचं आणि पानांचं, आपल्या इरल्याचं सख्खं भावंड, दोन्ही हात मोकळे. आपल्यासाठी चांगला रेनकोट, रबरी सोलचे बूट, आणि बॅगेत प्रत्येक कपडा प्लास्टिकमध्ये. चामड्याच्या वस्तू नेल्यात तर बुरशी धरेल.

नोंगरियाटचा दुमजली जिवंत पूल बघायचाच असतो सगळ्यांना. रबराच्या झाडाची मुळं वर्षानुवर्षं वळवून वळवून केलेले हे पूल, एक पूल पायाखाली भरवशाचा व्हायला पंधरा ते तीस वर्षं जातात. तिरना गावातून साधारण ३,५०० पायऱ्या खाली. खाली जाताना सगळे हसत असतात. गुडघे दुखत असतील तर हट्ट करू नका, सपाटीच्या जवळ एकमजली पूल आहेत, मॉलिननाँगजवळचा बघा. जाणारच असाल तर उजाडता उजाडता उतरायला लागा, तिरनात बांबूची काठी मिळते ती घ्या, आणि शक्य असेल तर रात्री खालीच नोंगरियाटला रहा. एका दिवसात खाली-वर करणाऱ्यांचे दुसऱ्या दिवशीचे पाय मी बघितलेत, हॉटेलचा जिना आडवे होऊन उतरत होते.

पायरी १० : डावकी

काचेसारख्या पाण्यावर होडी तरंगते तो फोटो नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. पावसाळ्यात ही उमंगोट नदी गढूळ असते, होडीवाला येतो म्हणाला तरी पाणी तसं दिसणार नाही. पलीकडे लगेच बांगलादेश, त्यामुळे तिथे मोबाइल कधीकधी तिकडचा टॉवर पकडतो आणि फोनमधलं घड्याळ आपोआप अर्धा तास पुढे जातं. सुमोची वेळ त्या घड्याळावर बघू नका, ऑटोमॅटिक वेळ बंद करून ठेवा.

परतताना

घेण्यासारखी गोष्ट म्हणजे जैंतिया हिल्सची लकाडाँग हळद, रंग आणि वास दोन्ही जबरदस्त, भाजीत आपल्या नेहमीच्या निम्मी घालायची. शिवाय मध, काळी मिरी आणि हिवाळ्यात संत्री. विमान गुवाहाटीहून दुपारचं असेल तर शिलाँगहून सकाळी सहालाच निघा, जोराबाटच्या पुढे गुवाहाटीत शिरताना ट्रॅफिक कधी किती लागेल सांगता येत नाही. आणि परतीचा दिवस सोमवारी सकाळचा असेल तर गाडी शनिवारीच पक्की करून ठेवा, रविवारी ड्रायव्हर फोन उचलत नाहीत.